स्टुलाचं काइझेन

…नाही नाही, तुम्ही बसा हो, मी उभाच बरा. सवय झालीय. नऊ महिने झाले, चाकणला आमच्या कंपनीत, आमच्या लाइनवर एकही स्टूल नाही, आणि तुम्हाला सांगतो, ती स्टुलं मीच घालवली. मी, समाधान. नाव ठेवणाऱ्यांना काय माहीत म्हणा!

झालं काय, दर महिन्याला प्रत्येकाने एक काइझेन द्यायचं. म्हणजे काम अजून झटपट कसं होईल, ते कागदावर लिहून द्यायचं. अकरा वर्षं मी ब्रेकचे पार्ट तपासतोय, अजून किती झटपट करू? पण नाही दिलं की जयसिंगसाहेब सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर, "समाधानराव, डोकं घरी ठेवून आलात? उद्या डब्यात घालून आणा." यावर सगळ्यांनी हसायचं. जो हसला नाही, त्याचा नंबर दुसऱ्या दिवशी. म्हणून महिनाअखेरीस, निगडीची बस सुटता सुटता, मी वैतागून खरडलं, "स्टुले काढल्यास उठण्या-बसण्याचा वेळ वाचेल." चेष्टेनं हो! वाटलं, साहेब फाडून टाकतील.

सकाळी येऊन बघतो तर स्टुलं गायब, आणि भिंतीवर माझा फोटो, "या महिन्याचे मानकरी". फोटोखाली सगळी लाइन उभी, माझ्याकडे बघत… तुम्ही बसा, मी उभाच बरा.

सगळ्यांनी बोलणं टाकलं. बोलायची एकटी नजमाभाभी, शेजारच्या टेबलावरची. तिला आता सहावा महिना. पाय इतके सुजलेत की सेफ्टी शूज दोन नंबर मोठे घातलेत. एकदाच म्हणाली, "समाधानभाई, लिहिताना निदान स्वतःच्या कमरेचा तरी विचार करायचा." लाज वाटली हो मला. साहेबांकडे गेलो, म्हटलं, सर, एकच स्टूल, भाभीपुरतं. तर म्हणे, "मंजूर काइझेन मागे घेता येत नाही. स्टूल ठेवल्याने किती सेकंद वाचतील ते लिहून आणा." आता पोटातल्या बाळाचे सेकंद कुठल्या रकान्यात भरू?

आणि गेल्या आठवड्यात वार्षिक बक्षिसं. पुकारलं माझं नाव. बक्षीस काय असावं? खुर्ची! प्लास्टिकची, हातांची, लाल फीत बांधलेली. मी तशीच उचलली, तडक भाभीच्या टेबलाशी नेऊन ठेवली. ती बसली. डोळे मिटले. अर्धं मिनिट… तोच मागून साहेब, "ओ समाधानराव, स्वतःचंच काइझेन मोडता?" झालं, उचलली. घरी नेतो म्हटलं, तर गेटवर चिमाजी वॉचमन, "पास हाय का? पासाबिगर सामान भाईर जात न्हाई." पासावर सही साहेबांची. साहेब म्हणतात, "बघू."

तेव्हापासून खुर्ची गेटातच. चिमाजी बसतो. कंपनी व्हायच्या आधी त्या जागेवर त्याचंच कांद्याचं शेत होतं म्हणे, त्याचा हक्कच आहे. पण शिफ्ट सुटली की उठतो, "बस पोरी," म्हणतो, आणि बस येईपर्यंत भाभी टेकते. तेवढीच दहा मिनिटं.

आज साहेबांनी ते लांबून पाहिलं. माझ्याजवळ आले, कोरा कागद पुढे केला. "समाधानराव, गेटवर बराच वेळ वाया जातो, नाही? सुचतंय काही?"

कागद कोराच परत दिला मी. उद्या मीटिंगला माझंच नाव… घेऊ देत. ऐकून घेईन उभ्याउभ्या. नाहीतरी बसायला आहे कुठे?