घर कमावतं, आपण झोपायचं

...नाही नाही, रागावलेलो नाही मी, रागवायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं, मी आपलं नुसतं सांगतोय, की गुंतवणूक म्हणून घर घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण घराआधी एक झाडू घ्या, लांब दांड्याचा, कारण तुम्हाला सांगतो, पुढे तोच कामाला येतो, बाकी कुणी येत नाही, दलाल तर नाहीच नाही.

दलाल म्हणजे तो ग्विनर. टोकदार बूट, आणि हसला की आधी बूट हसल्यासारखे वाटायचे. मला म्हणाला, "ओटमारकाका, बँकेत पैसा झोपतो आणि तुम्ही जागे राहता. फ्लॅट घ्या. घर कमावतं, आपण झोपायचं." आता हे असलं वाक्य जन्मभर झाडू मारलेल्या माणसाला ऐकवल्यावर त्याचं काय होणार? शाळेत गेली माझी सगळी हयात, इथल्याच, रॉयटलिंगनच्या मोठ्या शाळेत, पण वर्गात नाही, वर्गाबाहेर, झाडू घेऊन. वर्गात बसलो ते सही करता येण्यापुरतं. निवृत्त झालो त्या दिवशी बायकोला, लोरेला, सांगितलं, आता मेलो तरी झाडूला हात लावणार नाही. ती म्हणाली, मेल्यावर कोण देतंय तुझ्या हातात. आणि मग दोघांनी मिळून होती नव्हती ती पुंजी त्या फ्लॅटात घातली, वर बँकेचं कर्ज. भाडं येईल, हप्ता जाईल. आपण झोपायचं.

आंधळेपणाने नाही हो घेतला! स्टेशन जवळ, कॉलेज जवळ, छपरावर मी स्वतः चढलो, तळघरात भिंतीला नाक लावून ओल हुंगली, ग्विनर म्हणाला काका काय करताय, म्हटलं तू तुझे बूट सांभाळ. दुरुस्तीसाठी पैसे वेगळे काढून ठेवले. तर पहिल्याच बैठकीत बाकीच्या मालकांनी लिफ्टला नवी मोटर बसवायचं ठरवलं. माझा फ्लॅट तळमजल्यावर. विचारलं, मी त्या लिफ्टने जायचं कुठे? तर म्हणे, ओटमार, लिफ्ट सगळ्यांची असते. दिले पैसे. घर कमावतं...

आणि भाडेकरू? भाडेकरूला मी बघितलंच नाही, ग्विनरने परस्पर आणला. टोर्गे नावाचा, पार वर उत्तरेत समुद्राकडचा, हॅम्बुर्गच्याही पलीकडला. शिकलेला, भाडं वेळेवर, आवाज नाही. करारात सगळं होतं, कुत्रा नको, पियानो नको, बाल्कनीत मांस भाजायचं नाही. झाडण्याचा आठवडा तेवढा नव्हता. सुचलाच नाही कुणाला! ग्विनर इथला, मी इथला. भाडेकरूने श्वास घ्यावा असं लिहितं का कुणी करारात?

आमच्याकडे, जर्मनीच्या दक्षिणेला, ही रीतच आहे, झाडण्याची पाळी दारोदार फिरते: ज्याच्या दाराला पाळीची पाटी, त्या आठवड्यात जिना त्याचा, फूटपाथ त्याचा, कचऱ्याच्या डब्यांची झाकणंसुद्धा त्याची. शनिवारी झाडून-पुसून झालं की पाटी पुढच्या दाराला. यात समजावण्यासारखं काय आहे? आमच्या आळीत एकीला कळा सुरू झाल्या, तर तिने आधी जिना पुसला आणि मग दवाखान्यात गेली, आणि तरी लोक म्हणाले, कोपरे राहिले. आणि या टोर्गेने काय केलं? दाराला पाटी दिसली, याला वाटलं शेजाऱ्यांनी नव्या बिऱ्हाडाला भेट दिली. जुनी, लाकडी, छान दिसते म्हणून नेऊन स्वयंपाकघरात टांगली!

पाटी थांबली, सगळी इमारत थांबली. कुणी झाडेना, कारण पाटी आपल्या दाराला नाही. वरच्या आयझेलेबाईंचा मला फोन. त्या कधी ओरडत नाहीत, तेच वाईट. "ओटमार, जिन्यात एक पान पडलंय. मंगळवारपासून." नुसतं एवढंच. मी ग्विनरला धरला, त्याने मला वकिलाकडे पाठवलं, वकील म्हणाला, करारात नाही ना, मग भाडेकरूला सक्ती नाही, काम मालकाचं. विचारलं, मग काढून टाकू का त्याला? तर म्हणे, धुळीपायी भाडेकरू काढाल तर न्यायाधीश हसेल, आणि घर रिकामं पडलं तर बँक हसणार नाही. म्हणजे काय, कळलं ना? घर कमावतं... आणि मी माळ्यावरून झाडू काढला. लोरे बघत होती, तिने फडकं आणून दिलं.

गुपचूप जायचो शनिवारी. लाज होती तेव्हा अजून. पण आयझेलेबाईंचे गुडघे गेलेले, त्या म्हणाल्या, "आलाच आहेस तर माझ्या पाळीचंही बघतोस का?" बघितलं. मग तिसऱ्या मजल्यावरचा म्हणाला, आलाच आहात तर. मग त्याच्या समोरचा. पाटीची गरजच उरली नाही, मीच पाटी.

शेवटी एका शनिवारी ठरवलं, बास, आज या पोराला तोंडावर सांगायचं. भाषण पाठ केलं, झाडू हातात तसाच, बेल वाजवली, दार उघडलं, उंच पोरगा, चष्मा, मागे स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती पाटी, आणि मी तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, "काका, तुम्हीच ना इथले झाडूवाले? किती दिवस म्हणतोय भेटावं. या वयात तुम्हाला हे करायला लावतात!" आणि हातात गरम ब्रेत्झेल ठेवला, गाठ मारल्यासारखा वळलेला पाव, लोणी लावलेला, खाली घडी केलेली नोट. "दर शनिवारी देत जाईन. या फ्लॅटचा मालक कोण म्हातारा आहे देव जाणे, कधी फिरकत नाही. तुमच्यासारख्यांनी राबायचं आणि तो झोपून कमावतो."

एवढं पाठ केलेलं भाषण सोडून मी आधी ब्रेत्झेलचा तुकडा मोडला. राग शोधला, सापडला नाही. ब्रेत्झेल गरम होता.

म्हटलं, "असतात रे बाबा असे लोक."

नोट घेतली. का नाही घेणार? त्या घरातून आलेला आणि बँकेत न जाता थेट माझ्या खिशात पडलेला तेवढाच पैसा. लोरेला दाखवली, ती म्हणाली, म्हणजे झालं एकदाचं, घर कमवायला लागलं.

चला, झोपतो आता. उद्या शनिवार.