संध्याकाळच्या भुताचा आवाज

इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात, दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी व्हिडिओ गेमचं संगीत करणारा यायत आणि त्याची आई बसले होते.

“तुझ्या गेममधलं ते भूत माझ्या आवाजात ओरडतं?”

“आई, हळू बोल.”

“का हळू? आवाज माझाच आहे ना!”

“‘दिवेलागण झाली, मगरिबची बांग झाली, घरात ये, भूत नेईल!’ असं तू अजून नातवंडांवर ओरडतेस ना? तेच रेकॉर्ड करून जाड केलं. खाली हेवी मेटलची गिटार, वर इलेक्ट्रॉनिक किंचाळ्या.”

“या अल्ला! जन्मभर भुतापासून वाचवलं, तर मलाच भूत केलंस?”

“लोकांना जाम आवडलंय.”

“शेवटी काय करतात त्या भुताचं?”

“मारतात.”

“किती जणांनी मारलं मला?”

“तीन लाख.”

“तूही?”

“मला नाही जमत गं. तुझा आवाज आला की गेममध्येही मी घरात पळतो.”