जीपमधली उजळणी

अहो, काल प्रवाशांनी भरलेल्या जीपमध्ये काय मजा आली! आठवीतल्या सविताला विज्ञानाच्या स्पर्धा परीक्षेला घेऊन मी आमच्या गोरेगावहून तालुक्याच्या गावी, सेनगावला निघालो होतो. वाटेत पोरगी रडकुंडीला आली. "सर, समदं इसरले मी!"

मी तिचं पुस्तक मिटून माझ्याकडं घेतलं. "या शेजारच्या मावशींना हृदय कसं चालतं ते समजावून सांग."

सविता बोलू लागली आणि अडखळली. मी मुद्दाम पुस्तक परत दिलं नाही. थोड्या वेळानं तीच ओरडली, "थांबा, आठवलं!" मग काय, सगळी जीप कान देऊन ऐकू लागली.

सेनगाव आलं, पण कोणी उतरेना. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "पोरी, रक्त फुफ्फुसातून परत आलं, मंग कुठं गेलं? सांगितल्याबिगर कोणी उतरायचं न्हाई!"

"हृदयाच्या डाव्या बाजूला, मामा! तिथून अंगभर!" म्हणत सविता उडी मारून परीक्षेला पळाली.