अक्षताच्या दाराला बाहेरून कुलूप

हॅलो?… कोण, अक्षता? अगं हळू बोल. शेजारच्या खोलीतून फोन करतेस, भिंतीतूनच ऐकू येतंय… नाही, गेली नाही. शर्मिष्ठा सिस्टर इथेच माझ्यासमोर बसलीय. चहा पितेय.

हो, हो… तू सांगितलंस तसंच केलं. बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हटलं, घरात कोणी नाही, सगळी कुडाळला गेलीत. का? तर त्यांच्या एकाच माडाला तीनशे नारळ लागलेत, उतरवायला माणसं कमी पडतायत… अगं, मानलं असतं तिने. तेवढ्यात तुझी पोर रडली… मी म्हटलं, मांजर. तर म्हणते, मग मांजरीलाच गोवराची लस टोचून जाते.

हसू नकोस. ऐक ना गं…

ठाऊक आहे मला. कोरोनात दवाखान्यातले लोक असेच आले आणि दशरथला घेऊन गेले. तुझा सासरा तो, पण माझा कॅरमचा भिडू होता. काही होत नाही, लवकरच घरी येतील, म्हणाले… हो. तुम्ही फोन करत राहिलात, कोणी उचलला नाही. मग एकदम शेवटचंच कळलं… म्हणून तर कुलूप घातलं ना मी. एका शब्दाने विचारलं का तुला?

पण ही तसं बोलत नाही. मी खोदून विचारलं, लसीने काही होणार नाही ना? तर म्हणाली, ताप येऊ शकतो, अंगावर पुरळही येऊ शकतं. माझ्यासारखा थापाड्या समोर असताना बाई सरळ खरं सांगते, यार… आणि मागच्या गल्लीत गोवर आलाय. दोन पोरं ॲडमिट आहेत… नाही गं, हे मी रचलेलं नाही.

काय?… रात्री ताप चढला तर फोन कोण उचलणार? थांब, विचारतो…

म्हणते, मी उचलेन. स्वतःचा नंबर देतेय… आणि म्हणते, तू सांगितल्याशिवाय कुलूप काढायचं नाही…

माझ्या शब्दावर? माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवतं? नंबर मेसेज केलाय बघ. सासूबाईंच्या फोनवरून लाव. आत्ता लाव. मी आहे इथेच…

हं… वाजतोय. कप खाली ठेवतेय ती…

उचलला. आता माझ्याशी काय बोलतेस, तिच्याशी बोल… ठेव.