सुनेच्या वाट्याचं गोड पाणी

आमची सून रेश्मा पोटुशी होती तेव्हाची गंमत. रक्तात साखर निघाली तर बाळाला त्रास, म्हणून तिला आमच्या जिते गावाहून पेणच्या दवाखान्यात तपासणीला नेली. नर्सबाईंनी गिलासभर गोड पाणी दिलं. म्हणाल्या, "दोन तासांनी रक्त घेते."

मला दिल्याबिगर रेश्मा घरात काय तोंडात घालीत नाय. तिनं अर्धा गिलास माझ्यापुढं धरला.

"बाबा, तुम्हीपण उपाशीच हाव."

मी प्यालो. बाईंनी बघितलं.

"आजोबा, ते तपासणीचं पाणी, सरबत नाय! आता उद्या दोघं या."

"मी कशाला?"

"प्यालात ना? तुमचंपण बघू."

दुसऱ्या दिवशी रेश्माचं रक्त चांगलं आलं. साखर निघाली मला.

बारशाला पेढ्यांचा पुडा तिनं पहिला माझ्याच हातात दिला. म्हणाली, "बाबा, वाटून या."