आरतीतली ग्रामसभा

हसू नका, पण मी पालीजवळच्या एका वाडीत ग्रामसेवक होतो, तेव्हा ग्रामसभेला माणसंच यायची नाहीत. निम्मे मुंबईला, उरलेले शेतात. सरकारी नळ एकच मंजूर झालेला, तो कुठे बसवायचा हे सभेनेच ठरवायचं, आणि कोरम काही भरेना.

गणपतीत चाकरमानी आले. अख्खी वाडी घरोघर आरती म्हणत फिरायला लागली, तसं मीही रजिस्टर काखेत मारलं आणि निघालो त्यांच्यामागून.

पहिल्या घरी आरती संपल्यावर विचारलं, "नळ कुठे हवा?"

यजमान म्हणाले, "इथे काय वाईट आहे?"

सगळ्यांचे हात वर. सह्या, अंगठे, ठराव एकमताने मंजूर. मी खूश.

दुसऱ्या घरी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ आली. तिथले काका म्हणाले, "भाऊसाहेब, नळ आमच्याच अंगणात बरा."

तेच हात परत वर. संध्याकाळपर्यंत अकरा घरं झाली, बारावं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या साहेबांनी रजिस्टर उघडलं. "एक नळ, अकरा जागा, आणि विरोध कुणाचाच नाही?"

"साहेब, ज्याची उसळ खाल्ली, त्याच्याच गणपतीसमोर नको कोण म्हणणार?"

साहेब भडकले. "आज मी येतो. सभा माझ्यासमोर घ्या."

आले. बाराव्या घरी बसले. चौथा वडा उसळीत बुडवत मला म्हणाले, "ग्रामसेवक, लिहून घ्या. नळ इथेच."

बाराव्या ठरावावर पहिली सही साहेबांची आहे.