आईच्या पायाचं माप

हसा, हसून घ्या! तोताराम हसला, कँटीनवाला हसला, आमच्या घरचं मांजर लोकरीच्या गुंड्यात पाय अडकून उताणं पडलं ना, तेसुद्धा माझ्याकडेच बघत होतं, मग तुम्ही हसलात तर काय मोठं! पण एक सांगून ठेवतो. मी वरणगावच्या फॅक्टरीतला फिटर, चुडामण माझं नाव, मिशा आहेत, दोन पोरं आहेत, स्कूटर आहे. आणि मी भर मे महिन्यात, वरणगावात, जिथे पाय भाजतात म्हणून दुपारी कावळासुद्धा पत्र्यावर बसत नाही, तिथे बसून लोकरीचे पायमोजे विणले. स्वतःच्या हातानं. विणले तर विणले! कोणाच्या बापाचं काय गेलं?

का विणले म्हणता? अहो, हौस होती का मला? आमची आई, द्रौपदाबाई, तिला बद्रीनाथला जायचं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून घोकतेय, बद्रीनाथ, बद्रीनाथ... आधी पोरं लहान, मग म्हशी व्यालेल्या, मग आमच्या वडिलांचं, आबांचं ऑपरेशन, दर वर्षी काहीतरी आडवं. शेवटी यंदा जामनेरहून यात्रेची गाडी निघणार होती, मी तिची सीट धरली, म्हातारीचा आनंद काय सांगू, पंधरा दिवस आधीच दशम्या करायला बसली! आणि तेवढ्यात दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, "आजी, तुम्हाला साखर आहे. तिकडच्या बर्फगार फरशीवर अनवाणी गेलात आणि बोटं काळी पडली तर पाय कापायची पाळी येईल. लोकरीचे मोजे घालणार असाल तर जा, नाहीतर घरीच बसा."

झालं! मी लगेच दुकानात. चांगले, कंपनीचे, पाकिटातले मोजे आणले. आई आमची धुळ्याकडची, बोलते अहिराणीत आणि हट्टही करते अहिराणीतच. पाकीट दोन बोटांनी उचललं, जसं काही मेलेला उंदीर, आणि म्हणते, "दुकानमाना मोजा मी घालाव नही. कोन जाने कोनकोन पाय घाली पाह्या व्हतीन त्यामा! आन त्या घालीसनी मी देवना दारले जाऊ?"

म्हटलं, ठीक. कुंदाकडे गेलो. कुंदा म्हणजे आमची सौभाग्यवती. तिला विणकाम येतं, टीव्हीला झालर तिची, रेडिओला झालर तिची, तिचं चाललं असतं तर मलाही झालर लावली असती. पण ती काय म्हणाली माहितीय? "मी? तुमच्या मातोश्रींसाठी? आबांना मी स्वेटर विणला होता, आठवतंय? त्याचं त्यांनी काय केलं? पायपुसणं! मोरीच्या दारात! पाच वर्षं मी माझ्याच स्वेटरला पाय पुसतेय. सुई हातात धरणार नाही, सांगून ठेवते!" आता बोला. दोघींचंही म्हणणं खरं, आणि मधे मी.

आणि आईनं काय करावं? भांडली असती तर बरं होतं हो. ती भांडलीच नाही. दशम्यांचा डबा उघडला, पोरांना वाटून टाकल्या, आणि ओट्यावर जाऊन बसली. "मंग मी जाव नही," एवढंच. माझी आई, जी गप्प बसली तर आबा उठून बघतात श्वास चालू आहे का, ती गप्प! मला नाही बघवलं. तिथल्या तिथे मनात म्हटलं, चुडामण, दुकानाचे नको, सून विणत नाही, मग राहिलं कोण? तूच! आणि तुम्हाला सांगतो, मोजा म्हणजे काय? एक नळी. मधे वळायला एक एल्बो. पुढे तोंड बंद करायला डमी. मी आयुष्यभर पाइपच जोडले ना! जमणार नाही?

शिकवायला गुरूही होता. आमच्या गेटवर नेगी हवालदार, गढवालचा माणूस, फौजेतून आलेला, मिशी अशी की माझी मिशी तिच्यापुढे भुवई वाटावी. तो ड्यूटी संपली की क्वार्टरच्या पायरीवर बसून विणायचा! उघड! त्यांच्याकडे म्हणे मेंढ्यांमागे चालता चालता बाप्ये मोजे विणतात. त्याला सांगितलं तर तो हसलासुद्धा नाही. "माताजी बद्रीविशाल जा रही हैं? बैठो." चार सुया लागतात, तीनवर टाके आणि चौथीनं विणायचं. सुया कुठून आणू? घरच्या जुन्या सायकलीचे चार स्पोक काढले, कापले, कानशीनं टोकं घासली. सायकल तेव्हापासून लंगडतेय, पण सुया एक नंबर!

लोकर आणायला भुसावळला गेलो. दुकानदार माझ्याकडे बघतो, बाहेरच्या उन्हाकडे बघतो, परत माझ्याकडे बघतो. "लोकर? आज? बसा भाऊ, आधी पाणी प्या." माळ्यावरून दोन गुंडे काढले, एक पोपटी, एक हळदी. म्हटलं, एका रंगाचे दोन? तर म्हणे, "दिवाळीनंतर या." अहो दिवाळीनंतर बद्रीनाथचं दार बंद होतं! घेतले. एक पाय पोपटी, एक पाय हळदी. देवाला काय, पाय आल्याशी मतलब.

आता खरी गंमत ऐका. माप! आईला कळू द्यायचं नव्हतं, कारण पोरगा बायकांचं काम करतोय म्हटल्यावर तिनं सुया चुलीत घातल्या असत्या. मग माप घ्यायचं कसं? तर पाया पडायचं! सकाळी ड्यूटीला निघताना दोरा मुठीत धरायचा, खाली वाकायचं, नमस्कार करता करता अंगठ्यापासून दोरा लावायचा, गाठ मारायची, उठायचं. पहिल्या दिवशी म्हातारी खूश, "सुखी राय, बेटा." दुसऱ्या दिवशी लांबी झाली, रुंदी घ्यायची होती, परत पडलो. तिसऱ्या दिवशी घोट्याचा घेर, जरा जास्त वेळ लागला, तर वरून आवाज, "काय रे? रोज रोज कसाले पाया पडी राह्यना? काय पाप करी उना? कुंदा, वं कुंदा, याना खिसा तपास!" आणि कुंदानं तपासला हो! खिशात निघाला गाठी मारलेला दोरा. तिला वाटलं मी कोणा बाबाच्या नादी लागलो. दोन दिवस माझ्या जेवणात मीठ नाही!

आणि टाच? पाया पडताना बोटं मिळतात, टाच कुठे मिळते? टाचेच्या पाया कोण पडतं का? मग एकदा आई देवापुढे हात जोडून उभी होती, मी मागून गेलो आणि घातला साष्टांग. तिनं मान वळवली. "चुडामण! मनं तोंड आठे शे! तू कोना पाया पडी राह्यना?" म्हटलं, देवाच्या. ती म्हणे, "देवले मन्हा आडूनच पाया पडतस का?"

पण माप मिळालं आणि विणले तर विणले! ड्यूटीवरून आलो की दुपारी खिडक्या बंद, कूलरच्या मागे बसायचं. हाताला घाम, लोकर चिकटते, बोटांना केस उगवल्यासारखे दिसतात. कुंदाचा पावडरचा डबा संपवला हाताला लावून. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट... लाइट गेली की कूलर बंद, मग मी म्हणजे भट्टीतलं वांगं! पहिली टाच वळवली ती पावलाच्या वर आली. नेगीनं हातात धरून फिरवून फिरवून पाहिली, म्हणाला, "भाई, ये किस जानवर का है?" उसवलं. परत विणलं. टाका सुटला, उसवलं. अहो ती लोकर शेवटी माझ्याकडे बघून कंटाळली!

आणि अशा वेळी तोताराम यायचा! शेजारचा, फॅक्टरीत माझ्याच शॉपमधला. बर्फ मागायला म्हणून आला, थेट कूलरमागे डोकावला. मी असा, बनियनवर, मांडीवर पोपटी मोजा, तोंडात सुई. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. मग म्हणतो, "चुडामणभाऊ... बाळंतीण कोन हाये घरात?" दुसऱ्या दिवशी अख्ख्या शॉपला बातमी! माझ्या लॉकरला हिरव्या बांगड्या टांगलेल्या! सगळे हळूच बघताहेत, आता हा शरमेनं मरतो. मी मरतो? मी त्या बांगड्या काढल्या, सर्वांसमोर मनगटात घातल्या, फार दाबून घालाव्या लागल्या ही गोष्ट वेगळी, आणि म्हटलं, तोतारामभाऊ, बरं केलंस! विणताना फेर मोजायला काही नव्हतं. एक फेर झाला की एक बांगडी या हातातून त्या हातात. आणि खरंच तसंच केलं! त्यानंतर फेर चुकला नाही माझा. विणले तर विणले, बांगड्या भरून विणले!

तर झाले मोजे. निघायच्या आदल्या दिवशी आईसमोर ठेवले. ती बघते मोज्याकडे, बघते माझ्याकडे, बघते माझ्या बोटांकडे, बोटांना नुसती भोकं पडलेली. "हाई... तू विनं?" म्हटलं, हो. "पुरुष मानूसनं काम शे का हाई?" म्हटलं, आई, दुकानातले नाहीत, कोणाचा पाय गेलेला नाही त्यात, आता घाल! तिनं पाय घातला... आणि अडकला. जोडवं! दुसऱ्या बोटातलं चांदीचं जोडवं लोकरीत असं रुतलं की ना आत ना बाहेर. मी म्हटलं, चार दिवस काढून ठेव जोडवी. अरे बापरे! "तुना बाप जित्ता शे आजून! जोडवा काढू मी?" बाजेवरून आबा म्हणतात, "काढ वं, मी काय लगेच मरी जास का?" तर त्यांच्यावर उखडली, "तुम्हीन गप पडा, तुम्हले काय इचारं कोनी?"

काय करता? बसलो परत. बोटांकडचं उसवलं, जोडव्यापुरती एकेक खिडकी ठेवली, कडेनं टाके बंद केले. नेगी म्हणाला, चाळीस वर्षांत असा मोजा पाहिला नाही. म्हटलं, तुझ्या गावात माझी आई नाही ना, म्हणून! सकाळी आई गाडीत बसली. मोजे पायात नाहीत, पिशवीत. त्याच गाडीत तोतारामची सासू भिकुबाई, रावेरची, जावयानं घेतलेले नायलॉनचे चकचकीत मोजे घालून ऐटीत. तोताराम मला म्हणतो कसा, "तुह्या मायनं काढले तर निदान भांडी घासाले कामाले येतीन."

तुम्हाला सांगतो, ते दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. मशीनवर उभा असलो तरी डोळ्यांसमोर तिचे पाय. घातले असतील का? का पिशवीतच आहेत? का पायपुसणं केलं धर्मशाळेत?

गाडी परत आली जूनमध्ये. पाऊस नाही, रस्त्याचं डांबर वितळलेलं. दार उघडलं. आधी खाली आला एक पोपटी पाय! मग हळदी! मोज्यांच्या खिडक्यांतून चांदीची जोडवी चमकताहेत! आणि वर आमची आई, ओरडतेच, "बठ्ठी बायास्ना पाय गारठी गयात, भिकुबाई तं रडे, मना पाय कसा, तवावरली भाकर!" मग माझी भोकं पडलेली बोटं धरली. डोळ्यांत धूळ गेली होती... नाही, खोटं कशाला, रडलो. रडलो तर रडलो!

घरी आल्यावर म्हटलं, आई, काढ आता, धुऊन टाकू, उकाडा बघ. "धुवाना नही! बद्रीनाथनी धूळ शे त्याले!" आणि यात्रेहून आलेल्या माणसाच्या पाया पडायची रीत, तुम्हाला माहीतच आहे. मावंद्याला, म्हणजे यात्रेनंतरच्या जेवणाला, सगळी कॉलनी आली. आई पाटावर, पाय पुढे. एकेक जण येतोय आणि माझ्या मोज्यांवर कपाळ टेकतोय! लॉकरला बांगड्या बांधणारे सगळे! तोताराम आला. त्याला वाटलं लांबून हात जोडावेत. आईनं मान धरून वाकवला, "बरोबर डोकं ठेव, पुन्य लागी." ठेवलं! बराच वेळ श्वास रोखून होता. मी बाजूला उभा, बांगड्या घालून, मुद्दाम!

इथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं... पण म्हातारीनं सगळ्या बायांना तिथेच सांगून टाकलं, "पुढला साल तुम्हीन बी जा. मोजास्नी काळजी करू नका, मना पोर्‍या विनी दी!" मला विचारलं? छे! आता पुढच्या गाडीतली प्रत्येक म्हातारी माझ्या नावावर. आणि माप? टेप काढली की पदर सावरतात, "इश्श, परक्या बाप्यानं पायाले टेप लावाची?" पाया पडलेलं मात्र चालतं. मग काय, दोरा मुठीत, आणि दारोदार पाया पडत फिरतोय! परवा भिकुबाईकडे होतो. पुढून पडलो, मग मागून जाऊन टाचेच्या पाया पडलो. म्हातारी म्हणते, "नीट पड भाऊ, डाव्या पायाले कुरूप हाये." आणि दारात उभा राहून तोताराम आशीर्वाद देतोय, "सुखी राय, चुडामण, सुखी राय!"

पडलो तर पडलो! हसा तुम्ही. पण हसून झालं की आईला जरा पाय इकडे करायला सांगा... तुमच्याही आईची सीट आहे ना त्या गाडीत?